फ्र्यूबुर्गुंडर : जर्मनीतली हळवी रेड वाईन, इंदूरच्या थंडीत

माझी भाची नोकरीसाठी बॉनला असते. या डिसेंबरात इंदूरला आली तेव्हा सूटकेसमध्ये स्वेटरांच्या घड्यांत गुंडाळून दोन बाटल्या घेऊन आली (विमानाने येताना दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, त्यात दोन आरामात बसतात) आणि माझ्या हातात देताना म्हणाली, मामा, ही रेड आहे पण तुला जी रेड माहितीये तशी नाहीये, घाईघाईत उघडू नको आणि कोल्ड्रिंकसारखी गार पण करू नको. मी लेबल वाचायला घेतलं तर पहिलाच शब्द अडला. फ्र्यूबुर्गुंडर. तीनदा तिच्याकडून म्हणवून घेतला तेव्हा कुठे जिभेवर बसला. वायनरीचं नाव मायर-नेकेल, गाव डेर्नाउ, आर नावाच्या नदीकाठी.

आता त्यातली एक बाटली संपलीय, तीही एका बैठकीत नाही, तीन संध्याकाळी मिळून, आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून हे सगळं लिहून काढतोय. मी काही वाईनचा कोर्स वगैरे केलेला माणूस नाही, पण गेली बारा-पंधरा वर्षं आवडीने पितोय, नाशिकला दर वर्षी-दोन वर्षांनी चक्कर होते, आणि जे आवडलं ते का आवडलं हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी नावाचं बघू, कारण सगळी गोष्ट नावातच आहे. पिनो न्वार हे द्राक्ष ऐकून माहीत असेल, फ्रान्समधल्या बरगंडीचं, त्याला जर्मनीत श्पेटबुर्गुंडर म्हणतात. बुर्गुंडर म्हणजे बरगंडीचं, श्पेट म्हणजे उशिरा. आणि फ्र्यू म्हणजे लवकर. म्हणजे हे त्याच पिनो न्वारचं सख्खं भावंड, वेलीत आपसूक बदल होऊन तयार झालेलं, पण पिकतं साधारण दोन आठवडे आधी. फ्रेंच लोक त्याला पिनो न्वार प्रेकोस म्हणतात, अर्थ तोच. भाची हे समजावून सांगत होती आणि बाजूला शेंगा सोलत बसलेली आई पटकन म्हणाली, "म्हणजे हळवं आणि गरवं, एवढंच ना?"

मी बघतच राहिलो. आईचं माहेर घोटीचं, इगतपुरीच्या भाताच्या पट्ट्यातलं. तिकडे लवकर निघणारं भात ते हळवं, उशिरा निघणारं ते गरवं, मधलं निमगरवं. हळवं दसऱ्याच्या आसपास कापणीला येतं, गरवं शेतात उभंच असतं. लग्न होऊन इंदूरला येऊन तिला ५५ वर्षं झाली, राजेंद्र नगरच्या घरात भाताचं रोप काय तुळस सोडून काही उगवलं नाही, पण शब्द जागच्या जागी होता. आणि तो इतका चपखल बसला की मी आता या वाईनला दुसरं काही म्हणूच शकत नाही. कारण हळवं म्हणजे लवकर पिकणारं, आणि हळवं म्हणजे नाजूक मनाचं, चटकन लागणारं, आणि ही वाईन दोन्ही अर्थांनी हळवी आहे. द्राक्षही हळवं आहे. ते कसं ते सांगतो.

निफाडला माझा मावसभाऊ आहे, चार एकर द्राक्षबाग, खाण्याची द्राक्षं, वाईनची नाही. त्याला फोन लावला. तो म्हणाला दादा, आमच्याकडे सटाण्याच्या बाजूला आगाप द्राक्षं निघतात पण ती वाणामुळे नाही, तिथे छाटणीच लवकर धरतात म्हणून माल लवकर येतो, भाव पण चांगला मिळतो, वाण तेच असतं. पण वाणच जर हळवं असेल तर त्याला त्रास वेगळा. मी विचारलं कसला? तर म्हणाला, सोपं आहे, अख्ख्या शिवारात तुझी एकट्याची बाग आधी गोड झाली तर सगळ्या शिवारातली पाखरं कुठे जाणार? मण्यात पाणी उतरायला लागलं की पक्ष्यांना आपल्याआधी कळतं.

आणि नेमकं हेच जर्मनीत झालं होतं. या द्राक्षाचे घड छोटे, मणी बारीक, फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला की मणीगळ होते आणि जे उरतं ते इतरांच्या आधी पिकतं म्हणून पक्षी आणि गांधीलमाश्या तुटून पडतात. उत्पन्न कमी आणि भरवसा नाही, मग शेतकऱ्यांनी वेली उपटून दुसरं लावलं, यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पोट शेतीवर असेल तर कोणीही तेच करेल. १९६० च्या दशकात अख्ख्या जर्मनीत या द्राक्षाची १५ हेक्टरसुद्धा लागवड उरली नव्हती. १५ हेक्टर म्हणजे ३७ एकर, आपल्या नाशिककडे पाच-सात भाऊबंदांची मिळून होईल एवढी. मग १९७० च्या दशकात गायझेनहाइमच्या संशोधन संस्थेने उरलेल्या वेलींतून निरोगी, बऱ्यापैकी फळणाऱ्या वेली निवडून त्यांची रोपं वाढवली आणि तिथून हळूहळू हे वाण परत आलं. आज लागवड २००-२५० हेक्टरच्या घरात आहे. जर्मनीत द्राक्षाखाली एकूण लाखभर हेक्टर जमीन आहे, म्हणजे हजारातली दोन-अडीच. रेअर हा शब्द हल्ली कोणीही कशालाही लावतं, इथे तो खरा आहे.

आता चव. मला हेच सांगायचं होतं पण पाल्हाळ झालं.

शनिवारी रात्री उघडली. जानेवारीतलं इंदूर, बाहेर दहा-अकरा डिग्री, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत, उत्तरेच्या बाजूला, १७ च्या आसपास असेल. भाचीने सांगितलं होतं की १४ ते १६ डिग्रीवर प्यायची, म्हणून वीस मिनिटं फ्रिजच्या दारात ठेवली आणि काढली. मोठ्या पोटाचे ग्लास घरात दोनच आहेत ते आम्हा दोघांना, बाकीच्यांना साधे.

पहिलं म्हणजे रंग. मी ग्लास तिरका करून पांढऱ्या बशीवर धरला. आपल्याकडच्या शिराझ किंवा कॅबर्नेमधून बशीचा काठ दिसत नाही, शाईसारखी काळी-जांभळी असते. हिच्यातून बशीवरची निळी नक्षी दिसत होती. मधोमध पिकल्या जांभळाच्या सालीचा रंग आणि कडेला आल्यावर कोकमाच्या सरबताचा, स्वच्छ, लख्ख. मेव्हणे म्हणाले ही तर पातळ दिसतेय रे. असं वाटतं खरं, मलाही पूर्वी वाटायचं, की रेड जितकी काळी तितकी भारी. पण रंग सालीतून येतो आणि पिनो घराण्याची साल मुळातच पातळ, त्यामुळे तिथे रंगावरून जोर मोजता येत नाही. खरं तर हळवीचा रंग गरवीपेक्षा थोडा गडदच असतो म्हणे, मणी बारीक असल्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त येते.

वास घेतला आणि मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. फालसे! उन्हाळ्यात राजवाड्याच्या बाजूला गाडीवर फालसे विकायला येतात ना, मीठ-मसाला टाकून पुडीत देतात, ते मसाला टाकायच्या आधीचे फालसे, उन्हात थोडे मऊ पडलेले. त्याच्या मागे पिकलेल्या करवंदांचा वास, आणि थोडी तुती. हे सगळे आपले शब्द आहेत, तिकडचे लोक चेरी, ब्लॅकबेरी, काळे करंट म्हणतात, पण मी काळे करंट कधी झाडावर पाहिले नाहीत, आणि करवंदं आजोळी ओंजळी भरभरून खाल्लीत, तर मी करवंदच म्हणणार. पंधरा-वीस मिनिटं ग्लासात राहिल्यावर फळांच्या खालून अजून एक वास वर आला, लवंगेचा हलकासा, आणि पाऊस पडून गेल्यावर फरशीच्या दगडाला येतो तसा. भाची म्हणाली तिथली जमीन पाटीच्या दगडाची आहे, स्लेट, उभ्या चढावर, दिवसभर तापते आणि रात्री वेलींना ऊब देते. दगडाचा वास थेट वाईनमध्ये उतरतो का यावर जाणकारांत वाद आहेत, मी त्यात पडत नाही, मला आला एवढं खरं.

आणि घोट. मी जे आजवर रेड म्हणून प्यायलो त्यात पहिल्या घोटाला हिरड्या आवळतात, कच्चं जांभूळ किंवा कडक चहा प्यायल्यासारखं, ते टॅनिन. इथे ते आहे पण मखमलीसारखं, जिभेवर हात फिरवून जातं. आंबटपणा आहे पण गरव्या पिनोएवढा धारदार नाही. घोट गिळल्यावर फळाची गोडी मागे राहते, साखर नसताना, वाईन पूर्ण ड्राय आहे. बायको एरवी रेडला हात लावत नाही, तिला ती करपट लागते, तिने स्वतःहून दुसरा ग्लास घेतला आणि म्हणाली ही बोलते, ओरडत नाही. मी याहून चांगलं वर्णन करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी (बूच लावून फ्रिजमध्ये) चव अजून छान होती, मसाल्याचा वास पुढे आलेला. तिसऱ्या दिवशी फळं मावळली होती. हा या द्राक्षाचा स्वभावच आहे, हळवं ते जास्त दिवस थांबत नाही, तेव्हा कोणाला मिळाली तर दोन दिवसांत संपवा आणि बाटलीही वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवू नका. गरवा पिनो त्यासाठी चांगला.

या वायनरीबद्दल थोडं सांगायलाच हवं. आर ही ऱ्हाइनला मिळणारी छोटी नदी, बॉनच्या दक्षिणेला, भाची शनिवार-रविवारी रेल्वेने तिथे जाऊन द्राक्षमळ्यांतून चालून येते, वरच्या अंगाने ३५ किलोमीटरची पायवाटच आहे, रेड वाईनची वाट असंच तिचं नाव. जर्मनी म्हटलं की व्हाईट वाईन, रीसलिंग, पण या एवढ्याशा खोऱ्यात मात्र पाचातली चार द्राक्षं काळी. खोऱ्यातली एकूण द्राक्षशेती साडेपाचशे हेक्टरच्या आसपास. याच खोऱ्यातल्या मायशोसला १८६८ मध्ये द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था निघाली, जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. आपण महाराष्ट्रातली माणसं (इंदूरची असलो तरी) सहकार म्हटलं की साखर कारखान्यांपाशी थांबतो, वाईनमध्येही तो इतका जुना आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मायर-नेकेल हे घरचं काम. व्हेर्नर नेकेल आधी शिक्षक होते, १९८० च्या दशकात वडिलांची थोडीशी द्राक्षशेती हातात घेतली आणि त्या काळात जर्मन रेड म्हणजे गोडसर, फिकट, बसने आलेल्या पर्यटकांना पाजायची वस्तू, त्या काळात त्यांनी ड्राय, बरगंडीच्या तोडीची रेड करायचं मनावर घेतलं. २००८ मध्ये लंडनच्या डिकँटर मासिकाच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या २००५ सालच्या डेर्नाउच्या पिनोला पिनो न्वारची आंतरराष्ट्रीय ट्रॉफी मिळाली, म्हणजे जगभरच्या पिनोंमध्ये. ती गरव्याची गोष्ट. पण हळव्यालाही तिथे धाकटं म्हणून बाजूला ठेवत नाहीत, जर्मनीतल्या नावाजलेल्या वायनरींच्या संघटनेने, व्हीडीपीने, आर खोऱ्यात सर्वांत वरच्या दर्जाच्या ड्राय वाईनसाठी श्पेटबुर्गुंडरच्या बरोबरीने फ्र्यूबुर्गुंडरलाही जागा दिलीय. एकेकाळी उपटून टाकलेल्या द्राक्षाला मिळालेला हा मान मला फार मोठा वाटतो.

आता वायनरी त्यांच्या दोन मुली बघतात, माइके आणि डोर्टे. १४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीला पूर आला. एरवी ही नदी चालत ओलांडता येईल अशी, त्या रात्री काही ठिकाणी पाणी आठ-दहा मीटर चढलं. खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. या दोघी बहिणी वायनरी वाचवायला तिथेच थांबल्या होत्या, पाण्याने त्यांना बाहेर ओढून नेलं आणि अंधारात एका झाडाला धरून त्या कित्येक तास लटकून होत्या, मग सुटका झाली. पिंपं वाहून गेली, तळघर चिखलाने भरलं. वेली बहुतेक उंच चढावर असल्यामुळे वाचल्या. नंतर त्या खोऱ्यातल्या वायनरींनी चिखलात सापडलेल्या बाटल्या न धुता, तशाच चिखल माखलेल्या विकायला काढल्या, पुराची वाईन म्हणून, आणि लोकांनी त्या घेतल्या, ४० लाख युरोंहून जास्त रक्कम गोळा झाली. भाचीच्या ऑफिसातल्या एकाच्या घरी तशी एक बाटली अजून न उघडता शोकेसमध्ये आहे.

माझ्याकडची बाटली पुरानंतरच्या हंगामातली. भाचीने हे सगळं सांगितलं ते वाईन ग्लासात असताना, आणि त्यानंतरचा घोट वेगळा लागला हे मी लपवणार नाही. रिव्ह्यूमध्ये असं लिहू नये म्हणतात, चव फक्त चवीवर तोलावी. मला ते पटत नाही. आपण महेश्वरची साडी घेतो तेव्हा ती कोणत्या घाटावरच्या मागावर विणली हे आठवून घेतोच ना.

आता खाण्याबरोबर कसं, कारण वाईन नुसती प्यायची वस्तू नाही, जेवणाबरोबरची आहे. इथे आम्ही थोडे चुकलो. पहिल्या रात्री मटणाचा रस्सा केला होता, रेड आहे म्हणून, आमच्याकडचा रस्सा म्हणजे खोबरं-कांदा काळा होईपर्यंत भाजून, वर तिखटाचा तवंग. वाईन पार हरवली. फालसे गेले, करवंद गेलं, उरला फक्त आंबटपणा आणि घशात गरम. मसाल्याचा दोष नाही, वाईनचा तर नाहीच, जोडी चुकली. कोणी कितीही म्हणो की रेड आणि मटण, ते या वाईनला आणि आपल्या रश्श्याला लागू नाही.

दुसऱ्या दिवशी गराडू, म्हणजे इकडे थंडीत मिळणारा कंद. थंडीत इंदूरला गराडू नाही खाल्ले तर थंडी पडली असं वाटतच नाही, सराफ्यात रात्री कढईभोवती गर्दी असते. घरीच तळले, दोनदा, आधी मऊ होईपर्यंत आणि मग कुरकुरीत. निम्म्यांवर जीरावन (इंदूरचा चटपटीत मसाला) आणि लिंबू, नेहमीसारखं. निम्म्यांवर फक्त मीठ आणि थोडी मिरपूड. जीरावनवाल्यांबरोबर वाईन गप्प बसली, लिंबाने तर तिची रयाच गेली. पण मीठ-मिरीवाले! गराडूचा तो आतला पिठूळ, किंचित गोड गर, बाहेरचं तूप-तेल, आणि त्यावर हा फळाचा थंडसर घोट, तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा तुकडा मागतं. मेव्हणे, जे पहिल्या रात्री पातळ म्हणाले होते, त्यांनी ताटलीतले मीठवाले संपवल्यावर जीरावनवाले पुसून घेतले रुमालाने. तुपात परतलेले मशरूम, लसूण कमी, मिरी जास्त, हेही उत्तम जमलं. साध्या आलं-मिऱ्याच्या चिकनबरोबर चांगली. डाळ-बाफल्याबरोबर (बाफले म्हणजे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) मी करून पाहिली, बाफल्याच्या तुपाबरोबर बरी वाटते पण डाळीच्या फोडणीने पुन्हा तेच, हरवते. आईने तिचं म्हणून एक सुचवलं, भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर द्या. दिले. दाण्याचं साल काढून, बिनमिठाचे. खरंच छान लागले.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो कारण त्यात आपलं सगळ्यांचं नुकसान होतं, ती म्हणजे टेंपरेचर. आपल्याकडे समज असा की रेड रूम टेंपरेचरला प्यायची. हे वाक्य जिथून आलं तिथली रूम १६ डिग्रीची असायची, इंदूरची मे महिन्यातली रूम ३५ ची असते. मागच्या उन्हाळ्यात शहरातल्या एका दुकानातून मी एक चांगली, महागातली रेड घेतली, घरी येऊन बघतो तर बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलेलं, आतली वाईन शिजलेली, मुरांब्याच्या पाकासारखी. ती बाटली काचेच्या दर्शनी कपाटात उभी होती, दुपारचं ऊन थेट तिच्यावर. परत द्यायला गेलो तर म्हणाले सर सील तर तुम्हीच तोडलं. असं चुकीचं साठवलेलं पिऊन माणूस ठरवून टाकतो की मला रेड आवडत नाही. नाव घेत नाही, एका दुकानाचा प्रश्न नाहीये, पण घेताना बघा, बाटली आडवी ठेवलीय का, एसीत आहे का, बूच वर आलंय का. आणि हॉटेलात कोमट रेड आली तर सरळ सांगा भिया दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेव, त्यात लाज कसली.

ही हळवी तर उष्णतेला अजूनच जपावी लागते. तिच्यात आंबटपणा मुळात कमी, गरम प्यायली तर नुसता अल्कोहोल नाकात जातो. आणि गंमत म्हणजे नाही, काळजी म्हणजे, हीच अडचण आता तिच्या मुळांपाशी पोचलीय. पूर्वी थंड प्रदेशात लवकर पिकणं हा गुण होता, थंडी पडायच्या आत माल घरात. आता तिकडचे उन्हाळे तापायला लागले तसं हे द्राक्ष ऑगस्ट अखेरच्या उन्हातच पिकून जातं, साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो, तोडणीचा दिवस दोन-तीन दिवसांनी चुकला तरी वाईन बसते. मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला आमच्याकडे फेब्रुवारीत अचानक ऊन वाढलं की अगदी हेच. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, सगळं वेळापत्रक पाळूनसुद्धा शेवटचे पंधरा दिवस आकाशाकडे बघत काढायचे. हजारो किलोमीटर लांबच्या दोन बागाईतदारांची एकच चिंता.

मिळेल कुठे? इंदूरमध्ये मी तरी कुठल्या दुकानात फ्र्यूबुर्गुंडर पाहिली नाही. बाहेरच्या वाईनवर १५० टक्के कस्टम ड्यूटी लागत आलीय, वर राज्याचे कर, तेव्हा असली थोडी थोडी निघणारी वाईन कोणी मागवेल असं वाटत नाही. तिकडे आर खोऱ्यातल्या चांगल्या घरची हळवी साधारण वीस युरोंच्या पुढे जाते, भाचीने मला नेमका आकडा सांगितला नाही, मामाला भेट दिली म्हणाली. स्वस्त नाही, पण ज्या वेलीला फळच कमी लागतं तिची वाईन स्वस्त कशी असेल. फ्रँकफर्ट, कोलोन, बॉनकडे कोणी ओळखीचं असेल तर चॉकलेटं आणू नका म्हणावं, ही आणा. मायर-नेकेल नाही मिळाली तरी आर खोऱ्यातली, लेबलवर फ्र्यूबुर्गुंडर आणि ट्रॉकेन, म्हणजे ड्राय, एवढं बघून घ्या.

आणि तोवर इथे काय? पिनो न्वार आपल्या उन्हात फारसं जमत नाही, पण ज्यांना हलकी, ओरडा न करणारी रेड हवीय त्यांनी टेम्प्रानीलो शोधून बघावी, चारोसाची नाशिककडची मिळाली तर. स्पॅनिशमध्ये टेम्प्रानो म्हणजे लवकर, म्हणजे तेही नावाने हळवंच, स्पेनमधल्या बाकी काळ्या द्राक्षांच्या आधी पिकतं. चव वेगळी, अंगाने जास्त भरलेली, पण पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून प्या आणि फरक बघा. अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेझेही मला जेवणाबरोबर आवडते, तिच्यात आंबटपणा चांगला असतो, वरण-भात-तूप आणि बटाट्याच्या काचऱ्या अशा साध्या जेवणाबरोबरसुद्धा ती चालते, करून बघितलंय.

मी हिला किती स्टार देणार असं भाचीने फोनवर विचारलं. पाचपैकी पाच, रस्सा केला नसता तर पहिल्या रात्रीच दिले असते. तिने ते तिकडे तिच्या ऑफिसातल्या त्या शोकेसवाल्याला सांगितलं तर त्याने विचारलं गराडू काय असतं. त्याचा फोटो पाठवलाय, पण फोटोतून काय कळणार, सुरणासारखा दिसतो.

दुसरी बाटली फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, भाज्यांच्या ट्रेमध्ये, आडवी ठेवलीय, वर्तमानपत्रात गुंडाळून. बायकोने वर चिठ्ठी चिकटवलीय, मावसभाऊ येईपर्यंत हात लावायचा नाही. बागेतली तोडणी आटोपली की मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो म्हणालाय, येताना स्वतःच्या बागेतली पेटी घेऊन. गराडू तोवर बाजारातून जातील, म्हणून आत्ताच दोन किलो आणून, उकडून, फोडी करून फ्रीझरमध्ये टाकलेत.